मातीतली भागीदारी

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी सुरतेजवळ पलसाण्याला मामांकडे गेलो होतो. मामा तिथे कापडाच्या गिरणीत कामाला आहेत. संध्याकाळी फिरायला निघालो, तर रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस. तालुक्यातच चलथाणला सहकारी साखर कारखाना आहे. चालता चालता मामा वाकले, बांधालगतचे एक सुकलेले बेट उपटून मुळे पाहिली आणि म्हणाले, "हुमणी नाही. सवय जात नाही बघ!" आमच्या सीमाभागातला त्यांचा दोन एकर ऊस सलग दोन वर्षे हुमणीने खाल्ला. कर्ज झाले, म्हणून ते इथे आले.

हुमणी, म्हणजे आपल्या कानडी मित्रांचा 'गोण्णे हुळू', जमिनीत राहून मुळे कुरतडते. ऊस पिवळा पडतो तेव्हा कुठे आपल्याला कळते. मामांनी उधारीवर विष आणून ओतले. अळी खोल राहिली, विष वरच राहिले आणि उधारी मात्र वाढली.

परत आल्यावर ग्रंथालयात या अळीच्या एका शत्रूविषयी वाचले. तो म्हणजे डोळ्यांना न दिसणारा सूत्रकृमी. त्याची कोइमतूरला सापडलेली एक जात १९९२ साली 'हेटेरोऱ्हॅब्डायटिस इंडिका' या नावाने नोंदली गेली. त्याच्या आतड्यात फोटोऱ्हॅब्डस नावाचे जिवाणू असतात. कृमी अळीच्या शरीरात शिरतो आणि जिवाणू सोडतो. ते एक-दोन दिवसांत अळीला मारतात, शिवाय प्रेत इतर जंतूंपासून राखतात. त्यावर कृमीची प्रजा वाढते आणि तेच जिवाणू पोटात घेऊन नव्या अळीच्या शोधात बाहेर पडते. जिवाणूला पाय नाहीत, कृमीपाशी विष नाही. आम्ही वाणिज्य शाखेचे विद्यार्थी १९३२ चा भागीदारी कायदा पाठ करतो, पण इतका चोख करार मी पुस्तकात पाहिला नाही!

मग हा उपाय मामांपर्यंत का पोहोचला नाही? बंगळूरच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन संस्थेने या कृमीची भुकटी बनवून तिचे तंत्र उद्योजकांनाही दिले आहे. म्हणजे शास्त्रज्ञांनी आपले काम केले. पुढचा प्रश्न व्यापाराचा आहे. हा माल जिवंत आहे. ऊन, उष्णता आणि कोरडी माती त्याला मारतात. विषाचा डबा फळीवर पडून राहिला तरी दुकानदाराचे बिघडत नाही. असला नाशवंत माल तो कशाला ठेवील, आणि उधार तरी कशाला देईल?

माझे मत असे की, हे काम सहकारी साखर कारखान्यांनी अंगावर घ्यावे. बेणे-खत देऊन उसाच्या बिलातून रक्कम कापण्याची रीत आहेच. त्याच रीतीने कारखान्याने कृमी वाढवावेत, पावसाळ्यात माती ओली असताना ताजे पुरवावेत आणि ते सायंकाळी कसे सोडायचे ते शिकवावे. प्रत्येक शेतात सारखाच गुण येईल असे मी म्हणत नाही. पण हिशेब मांडून तरी पाहावा. तो मांडायला आम्ही वाणिज्याचे विद्यार्थी आहोतच.

मामांचा ऊस आता परत येणार नाही. पण दुसऱ्या कोणाचा मामा तरी आपल्या गावी राहू शकेल.