बॅकअप आहे, पण उघडतो काय?

समृद्धी महामार्गासाठी इगतपुरी तालुक्यात भूसंपादन झाले, तेव्हा मोबदल्याचा हक्कदार सातबाऱ्यावरूनच ठरला. घोटीच्या शेतकऱ्याचा हा उतारा आता संगणकावर आहे. मंत्रालयाच्या २१ जून २०१२ च्या आगीत फायली जळाल्या. संगणकीय नोंद गेली, तर तिचा बॅकअप वाचता येईल काय?

जानेवारी २०१७ मध्ये गिटलॅब कंपनीचा डेटाबेस चुकून पुसला गेला, तेव्हा कळले, की नेहमीचे बॅकअप तयारच होत नव्हते! सहा तासांपूर्वी सहज घेतलेल्या प्रतीने निभावले.

'बोर्ग', 'रेस्टिक' या मुक्त प्रणालींत 'माउंट' ही आज्ञा दिली, की जुना बॅकअप साध्या फोल्डरसारखा उघडतो. सगळे पूर्ववत न करता हवी ती फाईल पाहता येते. बदलता मात्र येत नाही. जमाबंदी आयुक्तालयाने वर्षातून एकदा तरी जुन्या बॅकअपमधील घोटीचा एखादा फेरफार असा उघडून दाखवावा.