शेकाचे पाच आठवडे आणि उसाची तोड



ऊस विकास विभागाने बेणे, खत आणि पाणी यांवर लिहावे अशी रीत आहे. खोडव्याचा लेख पुढच्या अंकी देऊच. निघोजे, मोई, कुरुळी या बाजूला नोंदी घेत फिरताना अलीकडे एक वाक्य आमच्या कानी पुन्हा पुन्हा पडते : "डॉक्टरांनी शेक सांगितलाय, पण एवढी तोड होऊन जाऊ द्या, मग बघू." हा शेक म्हणजे गर्भाशयमुखाच्या, गर्भपिशवीच्या किंवा गुदाशयाच्या कर्करोगावर ओटीपोटाला देतात ते किरणोपचार. कोणी त्याला लाईट म्हणतात. पुरुषांनाही प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी तो घ्यावा लागतो. आमचे मत स्पष्ट आहे. तोडीसाठी शेक थांबवू नये, शेकासाठी तोड पुढे-मागे करावी. आणि शेक सुरू होण्याआधी त्या माणसाच्या सोयीची तयारी घराने करून ठेवावी.

सोय म्हटले की आपल्याकडे लाड वाटतात. तसे नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात बाहेरून शेक साधारण पाच आठवडे चालतो, आठवड्यातून पाच दिवस, म्हणजे पंचवीसच्या आसपास पाळ्या. बऱ्याच जणींना बरोबर आठवड्याला एकदा औषधाची सलाईन असते. त्यानंतर गुंगी किंवा भूल देऊन आतून शेक देतात. हे सगळे मिळून आठ आठवड्यांच्या आत संपावे असा डॉक्टरांचा आग्रह असतो, कारण मध्ये खंड पडला की रोग सावरतो आणि गुण कमी येतो. आता बाई मध्येच का थांबते? यंत्राला भिऊन फारशी कोणी थांबत नाही. शेक घेताना दुखत नाही, टेबलावर पाच-पंधरा मिनिटे स्थिर पडून राहायचे असते. ती थांबते जुलाबांनी, लघवीच्या जळजळीने, जांघेतली कातडी सोलवटल्याने, रोजच्या प्रवासाने आणि घरी म्हशी कोण पिळणार या काळजीने. यातले बरेचसे आधी ठरवता येते.

टाटा स्मारक रुग्णालयाने २००३ ते २०११ या काळात पुढच्या टप्प्यावर पोचलेल्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या ८५० बायकांवर अभ्यास केला, तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. नुसत्या शेकावर पाच वर्षांनी शंभरातल्या सुमारे ४४ जणी रोगमुक्त होत्या, शेकाबरोबर सलाईन घेतलेल्यांत सुमारे ५२. शंभरामागे आठ घरे. सलाईनने मळमळते, गळून जायला होते, म्हणून "या आठवड्याला राहू द्या" म्हणणाऱ्यांनी हा आकडा ध्यानात धरावा.

आता पाण्याची गोष्ट, कारण आपण पाण्याचे लोक. ओटीपोटाच्या शेकाला पुष्कळदा मूत्राशय भरलेले आणि शौचाची जागा रिकामी लागते. भरलेले मूत्राशय आतड्याला वर ढकलते, आणि आतडे किरणांच्या वाटेतून बाजूला राहते. म्हणून पहिल्या दिवशी नकाशाचा स्कॅन काढताना जेवढे पाणी आणि जेवढा वेळ सांगतात, तेवढेच रोज पाळायचे. आधी लघवी करून यायची, मग ठरलेले पेले प्यायचे, मग ठरलेला वेळ थांबायचे. आमच्या भागात याची अडचण वेगळीच आहे. घरून पाणी पिऊन निघाले आणि तळवड्याच्या बाजूला किंवा चाकणच्या चौकात कंपन्यांच्या पाळ्या सुटायच्या वेळी गाडी अडकली, की त्या बाईचे काय हाल होतात ते आम्ही सांगायला नको. तर पाणी घरी पिऊ नये. रुग्णालयात पोचून, नंबर कितवा आहे ते विचारून, तिथेच प्यावे. बाटली आणि पेला घरचाच न्यावा, म्हणजे माप चुकत नाही. पहिल्या दिवशीच स्वच्छतागृह कुठे आहे ते बघून ठेवावे.

आतडे वाचवणे किती महत्त्वाचे, हेही टाटानेच दाखवले. शस्त्रक्रिया झालेल्या ३०० बायकांच्या अभ्यासात (निष्कर्ष २०२१ चे) रोज चित्र पाहून नेमका शेक देणाऱ्या नव्या पद्धतीत तीन वर्षांनी आतड्याचा त्रास शंभरात सुमारे २१ जणींना आढळला, जुन्या पद्धतीत सुमारे ४२ जणींना. आपल्याला कोणत्या पद्धतीने शेक मिळणार, हे विचारायला संकोच करू नये. बेणे कोणत्या मळ्यातले, हे आपण विचारतोच की.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून पोट बिघडू लागते. तेव्हा घरात मऊ भात, पेज, मुगाचे वरण, ताक, केळे हे असावे. तिखट, तळलेले, कच्ची कोशिंबीर, भरड पालेभाजी काही दिवस बाजूला ठेवावी. दूध काहींना बाधते. दुधाचे घर असले तरी "दूध पी, अंगी लागेल" असा आग्रह नको. दिवसभरात पाणी भरपूर लागते. जुलाब वाढले तर त्याच दिवशी सांगावे, सोमवारची वाट बघू नये. गावठी औषध तर नकोच.

कातडीचे सांगायचे तर साधा नियम पुरे : कोमट पाणी, सौम्य साबण, चोळायचे नाही, मऊ कापडाने टिपायचे. परकर सैल, सुती, नाडी सैल बांधलेली. कमरेवर शाईच्या खुणा किंवा ठिपके करतात, ते घासून काढू नयेत. हळद, चुना, बाम, खोबरेल, जे काही लावावेसे वाटेल ते आधी तिथल्या सिस्टरला दाखवावे. नाहीतर बरे करायला जावे आणि कातडी जास्तच चिडावी.

आणखी एक गोष्ट, जी ऐकून आम्हाला रागच येतो. शेक घेणाऱ्या बाईचे ताट वेगळे, अंथरूण वेगळे, नातवाला जवळ घ्यायचे नाही. बाहेरून दिलेले किरण यंत्र बंद होताच संपतात, अंगात उरत नाहीत आणि हा रोग ताटातून कोणाला लागत नाही. नातू मांडीवर बसला तर बसू द्या, तिला तेवढेच बरे वाटेल.

लाजेची बाबही लिहिली पाहिजे. पाळी येत असलेल्या बाईची पाळी या शेकाने बहुधा कायमची जाते. पुढे मूल हवे असेल तर ते शेकाआधीच डॉक्टरांशी बोलावे. उपचारानंतर योनिमार्ग आकसू शकतो, त्यावर उपाय असतो, साधनही देतात, पण विचारल्याशिवाय पुष्कळदा कोणी सांगत नाही. तोंडाने विचारवत नसेल तर वहीत लिहून न्यावे आणि वही डॉक्टरबाईंपुढे ठेवावी. नवऱ्यानेही ते वाचावे.

हा रोग शहरातला नव्हे. बार्शीला १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली, तेव्हा बायकांत गर्भाशयमुखाचाच कर्करोग पुढे निघाला. बार्शीही आपल्यासारखाच ग्रामीण भाग. त्या मानाने निघोज्याच्या माणसाचे नशीब बरे म्हणायचे, पुणे-पिंपरीत शेकाची यंत्रे आहेत, रोज घरी परत येता येते. मुंबईला जावे लागलेच तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत कर्करोगाच्या रुग्णांची सोय होते, जागेची चौकशी मात्र आधी करावी. खर्चासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे (२०१२ साली ती राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली होती), तीत किरणोपचार येतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी भेटावे.

आता आमच्या खात्याचे. तोड आली की घरात माणूस लागतो. मुकादमाशी बोलणे, टोळीचे चहापाणी, वाढे गोळा करणे, त्यात रात्रीच्या लाईटवर पाणी धरून सकाळी सातला गाडी काढायची, हे एका माणसाने पाच आठवडे निभत नाही. म्हणून आमची सूचना अशी की, ज्या घरी शेक चालू आहे त्या घराची तोड त्याला हवी तशी आधी किंवा नंतर घेता यावी, असा ठराव संचालक मंडळाने करावा. काही सभासद म्हणतील, "मग काय, जो तो दाखला आणील!" आणू देत. किरणोपचाराची तारखांची चिठ्ठी उसने मिळत नाही. वजनाचे थोडे नुकसान झाले तर ते त्या घराचे, आणि बहुतेक घरे ते पत्करतील.

ठराव होईल तेव्हा होईल. तोवर ज्यांच्या घरी शेकाची तारीख ठरली आहे, त्यांनी गट ऑफिसात किंवा आपल्या चिटबॉयकडे ती कळवावी. आजाराचे नाव सांगायची गरज नाही. "शेक आहे, अमुक तारखेपासून" एवढे पुरे. तोडणी कार्यक्रमाच्या वहीत आम्ही ती तारीख लागणीच्या तारखेशेजारी लिहून ठेवू.