वस्तीचा पुढारी आणि संमतीचे मोल

मुंबईच्या झोपडपट्टीत निवडणुकीचा उमेदवार शिरो वा सर्वेक्षणाचा कर्मचारी, त्याला आधी कुणा पुढाऱ्याचे दार ठोठवावे लागते. मध्यमवर्ग या माणसाला सरसकट 'झोपडपट्टीदादा' ठरवून मोकळा होतो. १९८१च्या स्थानबद्धतेच्या कायद्यानेही हाच शब्द रूढ केला. दादा आहेत, यात शंका नाही. पण नळजोडणी, रेशनकार्ड, फोटोपास या साध्या गोष्टींसाठी जिथे ओळख लागते, तिथे ओळख असलेला माणूस मोठा होणारच. त्याला शासनाच्या गैरहजेरीनेच घडविले आहे.

याच मुशीतून जोकिन अर्पुथम यांच्यासारखा नेताही घडला. अणुसंशोधन केंद्रालगतची जनता कॉलनी १९७६ मध्ये, आणीबाणीत, उठविली गेली आणि रहिवाशांना चीता कॅम्पात हलविण्यात आले. ती लढाई हरलेल्या जोकिन यांनी पुढे मोर्चांइतकाच भर मोजणीवर दिला. आपली घरे आपणच मोजायची, नकाशा आपणच काढायचा आणि मग अधिकाऱ्यासमोर बसायचे. भायखळ्याच्या पदपथांवरील स्त्रियांच्या 'महिला मिलन'ने रोजच्या बचतीतून या पद्धतीला बळ दिले. पुढे रेल्वेरुळांलगतच्या हजारो कुटुंबांचे स्थलांतर झाले, त्यात या संघटनांचा मोठा वाटा होता. या कामावरही टीका झाली, पण तिथे माहिती वस्तीच्या हाती होती, हा फरक लहान नव्हे.

१९९५ नंतर चित्र पालटले. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत मोफत घराच्या बदल्यात विकासकाला विक्रीयोग्य बांधकाम मिळू लागले आणि रहिवाशांच्या संमतीपत्रांना बाजारभाव आला. आधी ७० टक्के, आता ५१ टक्के संमती लागते. ती गोळा करतो नियोजित सोसायटीचा 'मुख्य प्रवर्तक', म्हणजे बहुधा तोच जुना पुढारी. काल नळासाठी पालिकेत खेटे घालणारा आज विकासकाच्या कार्यालयात बसलेला दिसतो. परिशिष्ट दोनमध्ये कोण पात्र, कोण अपात्र, याची पहिली कुजबुज त्याच्याच कानी येते. भाडेकरू, पोटमाळ्यावर राहणारे आणि पात्रतेच्या तारखेनंतर आलेले यांना त्याच्या लेखी फारसे वजन नसते. त्यांची संमती मोजलीच जात नाही.

धारावीत तर संमतीची अटच लागू नाही. २०२२ मध्ये निविदा अदानी समूहाला मिळाली. प्रकल्प कंपनीत राज्य सरकारचा वाटा २० टक्के आहे. २०२४ मध्ये घरोघर सर्वेक्षण सुरू झाले, तेव्हा स्थानिक पुढाऱ्यांपुढे पेच उभा राहिला. विरोध करून क्रमांक टाकू दिला नाही, तर घर यादीबाहेर राहण्याचे भय. टाकू दिला, तर तीच मूक संमती ठरण्याची धास्ती. सही विकणाऱ्याचे दुकान यामुळे बंद झाले असेल, पण सही रोखून अटी घालणाऱ्याचे हातही त्याच वेळी रिते झाले. पोटमाळ्यावरच्या भाडेकरूला आता कुणाचे दार ठोठवायचे, हेही ठाऊक नाही.