फिल्टर उपटणे ही दुरुस्ती नव्हे

पनवेलमध्ये मोठी डिझेल एसयूव्ही बाळगणाऱ्याला एक सल्ला हमखास मिळतो: डॅशबोर्डवर डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा, दिवा लागला ना, मग तो फिल्टरच काढून टाका. सल्ला देणाऱ्यांची मांडणी थोडक्यात अशी. जुन्या गाड्यांना असले काही नव्हते, तरी त्या लाखो किलोमीटर धावल्या. २०२० च्या एप्रिलात बीएस-६ हे प्रदूषणाचे नवे मानक आले आणि ग्राहकाच्या गळ्यात महागडी कटकट पडली. आता त्यावर उपाय एकच: फिल्टरच्या आतली जाळी फोडायची, ईजीआर (थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) बंद करायचा, ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिनाच्या संगणकात, नवे मॅपिंग टाकायचे. गाडी मोकळी होते, पिकअप वाढतो, ॲव्हरेज सुधारते आणि पीयूसीही मिळते. हे इतक्या ठामपणे सांगितले जाते की तीस-चाळीस लाख मोजलेला माणूस स्वतःच्या गाडीचे मॅन्युअल उघडण्याऐवजी थेट वेल्डिंगवाल्याकडे जातो. हा सल्ला गाडीला, मालकाला आणि गावाला, तिघांनाही घातक आहे.

किरकोळ मुद्दे आधी निकालात काढतो. पीयूसी मिळते, कारण त्या तपासणीत धुराचा दाटपणा मोजला जातो. डोळ्यांना न दिसणारे बारीक कण त्यात पकडले जातीलच असे नाही. पिकअपचा प्रश्न असेल, तर २७५५ सीसीचे इंजिन असलेल्या फॉर्च्युनरला कळंबोली सर्कलच्या कोंडीत आणखी पिकअप कशाला हवा, हे कुणीतरी समजावून सांगावे. आणि कायदा स्पष्ट आहे: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मूळ रचनेत असा बदल करता येत नाही आणि कलम १८२-अ प्रमाणे मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजारांचा दंड होऊ शकतो. कात्री चालते गॅरेजवाल्याची, पण गुन्हा लागतो मालकाला.

खरा मुद्दा वेगळाच आहे. फिल्टर चोंदतो तो उगाच नाही. तो कसा चालतो हे पाहिले की सल्ल्यातली हवा निघून जाते. आत सिरॅमिकच्या बारीक नळ्या असतात, एकाआड एक तोंडे बुजवलेल्या. धूर नळीच्या भिंतीतून पार होतो आणि काजळी मागे राहते. ती साचली की ईसीयू जास्तीचे डिझेल सोडून एक्झॉस्टचे तापमान ६०० अंशांच्या आसपास नेतो आणि काजळी जाळून टाकतो. याला रीजनरेशन म्हणतात. त्यासाठी गाडी बऱ्या वेगाने १५-२० मिनिटे सलग चालावी लागते. आता आपल्याकडचा वापर पाहा. सकाळी खांदा कॉलनीतून शाळेपर्यंत, तिथे एसी चालू ठेवून गेटबाहेर उभे, मग नवीन पनवेलचे स्टेशन, संध्याकाळी खारघर किंवा कामोठे. दोन टनांहून जड गाडी दिवसभर चार-चार किलोमीटरच्या फेऱ्या मारते आणि इंजिन नीट तापायच्या आत बंद होते. रीजनरेशन सुरू होते, अर्धवट तुटते, पुन्हा सुरू होते. न जळलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून ऑइलमध्ये मिसळते. डिपस्टिक पुसून पुन्हा बुडवून काढा: ऑइलची पातळी वरच्या खुणेच्या वर गेलेली आणि बोटाला डिझेलचा वास. ऑइल वाढले म्हणजे बरेच, असे समजणारे मालक आहेत. खरे तर ते पातळ झालेले असते आणि टर्बोच्या बेअरिंगला तेवढेच पुरते.

बरे, वापर ठीक असूनही फिल्टर वारंवार चोंदत असेल तर? मग दोष फिल्टरच्या अलीकडे शोधायला हवा. एखादा इंजेक्टर गळत असेल, इंटरकूलरचा होस चिरला असेल, टर्बो ऑइल खात असेल, ईजीआर अडकला असेल किंवा थर्मोस्टॅट उघडाच राहिल्याने इंजिन तापत नसेल आणि रीजनरेशन सुरूच होत नसेल. चुकीचे ऑइल ओतले असेल, तर त्यातली राख कितीही तापवली तरी जळत नाही. स्कॅनर लावला की ‘पी २४६३’ हा कोड दिसतो. काजळी साचली, एवढेच तो सांगतो. ती का साचली, हे मेकॅनिकने शोधायचे असते. जाळी फोडून मॅपिंग बदलले की कोडही येत नाही आणि काजळीही दिसत नाही. गळणारा इंजेक्टर मात्र गळतच राहतो. पुढे एक दिवस बोरघाटाच्या चढावर पिस्टन जातो, तेव्हा सल्ला देणारा फोन उचलत नाही. दोष सांगणारी यंत्रणाच बंद करायची आणि त्याला दुरुस्ती म्हणायचे, हे मला मान्य नाही.

‘जुन्या गाड्या बऱ्या होत्या’ हे पालुपद तर फार जुने. २००० साली शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले तेव्हाही इंजिनाचे व्हॉल्व्ह खराब होणार म्हणून ओरड झाली होती. गाड्या चालल्या, मुलांच्या रक्तात जाणारे शिसे कमी झाले. १९९८ ची सफारी किंवा २००२ ची स्कॉर्पिओ सोपी होती, यात वाद नाही. पण त्यांच्या मागे दुचाकीवर बसून धूर गिळणाऱ्याला कुणी विचारले नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलचा धूर निश्चित कर्करोगकारक ठरवला. बीएस-४ मध्ये डिझेल मोटारीला किलोमीटरमागे २५ मिलिग्रॅम कण सोडता येत होते, बीएस-६ मध्ये ती मर्यादा ४.५ वर आली. एका बाजूला तळोज्याची एमआयडीसी, दुसऱ्या बाजूला न्हावा-शेवा बंदराचे कंटेनर. या गावाच्या हवेत आणखी भर घालण्याचा हक्क कुणालाही नाही.

एक तक्रार मात्र खरी आहे. नवा फिल्टर लाखांच्या घरात जाऊ शकतो आणि कारण न शोधता ‘बदला’ म्हणणारी सर्व्हिस सेंटरे आहेत. त्यावर उत्तर आहे ते चोख निदानाचे. आधी स्कॅन, प्रेशर सेन्सरची तपासणी, मग सक्तीचे रीजनरेशन, गरज पडल्यास फिल्टर उतरवून सफाई आणि बदली सगळ्यांत शेवटी, हा क्रम मालकाने आग्रहाने मागावा. मॅन्युअलमध्ये दिलेल्या प्रतीचेच ऑइल घालावे, महिन्यातून एकदा डिपस्टिक पाहावी. आणि द्रुतगती मार्ग कळंबोलीपासूनच सुरू होतो. आठवड्यातून एकदा खालापूरपर्यंतचा सपाट रस्ता एका दमात कापला की काजळी जळण्याची संधी मिळते. टोल आणि डिझेल परवडत नाही, असे कुणी म्हणेल. ज्याची गाडी वर्षभर खारघर-पनवेलच्या बाहेर जाणार नाही, त्याने डिझेल घेऊच नये; मोठ्या गाड्या पेट्रोलमध्येही मिळतात. पुनर्विक्रीची किंमत पाहून डिझेल घ्यायचे, शाळेच्या फेऱ्यांना वापरायचे आणि मग फिल्टरला शिव्या द्यायच्या, हे बंद झाले पाहिजे. मोठी गाडी घेण्याची ऐपत आहे, तर ती समजून घेण्याची आणि तिचा धूर शेजाऱ्याच्या छातीत न सोडण्याची जबाबदारीही त्याच मालकाची आहे.