मेन स्विच कोठे असावा?

मुरबाड तालुक्यातील टोकावडे व माळशेज घाटाच्या पायथ्याची गावे मुसळधार पावसाची. येथील पुष्कळ घरांना गोठा लागूनच असतो, माळ्यावर पेंढा रचलेला असतो आणि पावसाळ्यात भिंती ओलसर राहतात. अशा घरात मेन स्विच कोठे आहे, ही बाब क्षुल्लक नव्हे. तरीही तो मोकळ्या दिसेल त्या भिंतीवर बसविला जातो आणि पुढे त्याच्यासमोर कणगी किंवा पोत्यांची थप्पी उभी राहते.

गोठ्यात एखाद्याला विजेचा धक्का बसून तो तारेला चिकटला, तर त्याला हाताने ओढणाराही सापडतो. प्रथम वीज तोडणे हाच खरा उपाय होय. लावणीच्या दिवसांत कर्ती माणसे शेतावर असतात. घरी वृद्ध व मुलेच असतात. त्यांना अंधारात, शिडीवाचून व कुलूप न उघडता जेथे पोहोचता येईल, तीच मेन स्विचची योग्य जागा.

१९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत हेच तत्त्व होते : स्विच वीज घरात येते त्या ठिकाणाच्या शक्य तितका जवळ व सहज हाताशी असावा. यास कारण आहे. मीटरपासून मेन स्विचपर्यंतची तार त्या स्विचने बंद होत नाही; म्हणून ती जितकी आखूड तितके बरे. सबब ओटीवर, पुढील दाराजवळ, पागोळ्यांपासून दूर, कोरड्या भिंतीवर तो असावा. माळा, गोठा व चुलीची बाजू वर्ज्य मानावी. त्याने दोन्ही तारा एकदम तुटल्या पाहिजेत.

दाराशी स्विच ठेवल्यास मुले खेळतील, अशी शंका घेतली जाते. ती रास्त आहे. परंतु तिचे उत्तर स्विच आत दडविणे हे नव्हे. तो मोठ्या माणसाच्या खांद्याच्या उंचीवर, झाकणाच्या पेटीत बसवावा. पेटीस कुलूप मात्र लावू नये. विजेची गळती होताच आपोआप प्रवाह तोडणारे ३० मिलिअँपिअरचे उपकरण जोडल्यास उत्तमच. पण त्यामुळे मेन स्विचची गरज संपत नाही.

जागा बदलण्याचे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पावसाळ्यापूर्वी घरोघरी एवढेच विचारावे : मेन स्विच दाखवा. घरातील प्रत्येकास तो ताबडतोब दाखविता आला नाही, तर त्या घरातील वीजजोडणीचे काम अपुरे राहिले आहे, असेच समजावे.