मुंबई पावणेदोन तासांवर, पण कुणाला?

मंडळी, १६ एप्रिल २०२५ ला अमरावतीचं बेलोरा विमानतळ सुरू झालं तेव्हा आपल्या ग्रुपवरही पेढे वाटले गेले. मुंबई आता पावणेदोन तासांवर! बेलोरा ते मुंबई हवाई अंतर साधारण ५४० किमी, विमान ७२ सीटचं एटीआर. कागदावर सगळं बरोबर.

आता वरवट बकालहून हिशोब मांडा. शेगाव, अकोला, मूर्तिजापूर करत बेलोरा दीडशे किमीच्या घरात. गाडीनं तीन तास धरा. तासभर आधी पोहोचायचं. मुंबईत उतरून परळच्या टाटा हॉस्पिटलला जायला आणखी तास-सव्वा तास. झाले सात तास, वर स्पेशल गाडीचं भाडं वेगळंच. विदर्भ एक्स्प्रेसनं रात्री शेगावहून निघालेला माणूस झोपून सकाळी मुंबईत उतरते. पण केमो घेतलेल्या पेशंटला ती रात्र काढणं किती जड जाते, हे ज्याच्या घरात आहे त्यालाच ठाऊक.

विमान नको असं कोण म्हणते? पण विमानाच्या वेळेला धरून शेगाव–अकोला–बेलोरा एसटी सोडायला काय हरकत आहे? त्याला ना धावपट्टी लागते, ना भूसंपादन. आणि अकोल्याचं शिवणी तर आपल्याला निम्म्या वाटेवरच आहे. तिथली १४०० मीटरची धावपट्टी वाढवायचा विषय कृषी विद्यापीठाच्या जागेवरून वर्षानुवर्षं रेंगाळला. मतं मागायला येणाऱ्यांना आधी हे दोन प्रश्न विचारा.