लोकर उतरली, हाताचं मोल चढलं का?

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. तेव्हा टीव्ही, गाड्या, साबण-शाम्पू यांचीच चर्चा जास्त झाली. आपल्या विणकामाच्या पिशवीकडे कुणाचं फारसं लक्ष गेलं नाही. म्हणून आज तिच्याविषयीच लिहिते.

आपण जिला सर्रास लोकर म्हणतो, ती बहुतेक वेळा मेंढीची नसतेच. तोरणाची, स्वेटरची ती लडी अ‍ॅक्रिलिकची, म्हणजे कृत्रिम धाग्याची असते. या धाग्यावरचा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. विणायच्या लोखंडी सुया, क्रोशाची सुई, शिलाई मशीन यांचंही तसंच. सुती दोऱ्यावर मात्र आधीपासून ५ टक्केच होता, तिथे फरक नाही.

आता हिशेब बघा. कराशिवाय हजार रुपयांची लोकर पूर्वी ११२० ला पडायची, ती आता १०५० ला पडायला हवी. सत्तर रुपये म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण मोठा कारखानदार धाग्यावर भरलेला कर पुढे वळता करून घेतो. आपल्याला ती सोय नाही. वर्षाची विक्री ४० लाखांच्या आत असली की सहसा नोंदणी लागत नाही, पण मग भरलेला करही परत मिळत नाही. तो सगळा आपल्याच अंगावर पडतो. म्हणून ही सूट आपल्या हक्काची आहे. पक्कं बिल मागा, त्यावरचा दर वाचा.

दुसरी बाजूही आहे. "लोकर स्वस्त झाली ना, मग तोरण कमी करा की!" असं गिऱ्हाईक म्हणणारच. अहो, तोरणात लोकर असते थोडी, दिवस जातात जास्त! रुखवताची ऑर्डर घेताना लोकर, मणी आणि मजुरी वेगवेगळी लिहून दाखवा. वाचलेले सत्तर रुपये मजुरीत राहू द्या.

आमची तामलवाडी सोलापूर-तुळजापूर रस्त्यावर. सोलापूर म्हणजे सुताचं, चादरींचं गाव. बचत गटातल्या चौघींनी मिळून तिथून ठोक माल आणला, तर एसटीचं भाडं वाटून जातं. कोजागरीला याच रस्त्याने हजारो भाविक चालत तुळजापूरला जातात. गिऱ्हाईक दारावरून जातंय. कर सरकारने कमी केला, पण मजुरी ठरवायची ती आपणच, बायांनो!